विहिरीचा कठडा आणि मजुराचा हक्क

४ एप्रिल २०२५ हा उपवासकाळातील शुक्रवार होता. त्या सायंकाळी आपल्या देवळांतून क्रुसाच्या वाटेची भक्ती व्हावयाची होती. त्याच दिवशी सकाळी नांदेडजवळील आलेगावच्या शिवारात शेतमजूर स्त्रियांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील गुंज गावच्या ७ स्त्रिया त्यात मृत्युमुखी पडल्या. तिघांना वाचविण्यात यश आले. पंतप्रधानांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपये आणि राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी प्रत्येकी ५ लाख रुपये मदत जाहीर केली. दोन दिवस वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली. त्यानंतर दुसरी बातमी आली आणि ही मागे पडली.

या घटनेत दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. ते आमचे नव्हे. आमचा प्रश्न वेगळा आहे आणि तो एका गावापुरता नाही. बिलोली तालुक्यात, किंबहुना नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत, अशीच विहीर, अशीच ट्रॉली आणि अशाच कष्टकरी बाया प्रत्येक शिवारात आहेत. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे रोजंदारीवर किंवा गुत्त्याने दुसऱ्याच्या शेतात राबतात. कोणी सालगडी आहे, कोणी मांजरेच्या पात्रात वाळू भरतो, कोणी हंगाम सरला की हैदराबाद किंवा निजामाबादकडे बांधकामावर जातो. या माणसांच्या कामाची जागा सुरक्षित असावी, हा विचार आपण किती वेळा केला? रविवारच्या मिस्सात आपण आजाऱ्यांसाठी आणि मृतांसाठी प्रार्थना करतो. परंतु आजारी पडण्यापूर्वी आणि मरण्यापूर्वी जे टाळता येण्याजोगे आहे, त्याचे काय?

अपघात की प्राक्तन?

आपल्याकडे शेतात कोणी दगावला की पहिले वाक्य ठरलेले असते. ‘त्याची वेळ भरली होती.’ ख्रिस्ती घरातही तेच वाक्य थोड्या निराळ्या शब्दांत येते: ‘देवाची मर्जी.’ दुःखाच्या क्षणी माणसाला आधार हवा असतो, म्हणून त्या घडीला आम्ही कोणाशी वाद घालणार नाही. परंतु ज्या गावात प्रत्येक अपघात देवाच्या नावावर जमा होतो, त्या गावात विहिरीला कठडा कधीच बांधला जात नाही.

या बाबतीत प्रभू येशू ख्रिस्ताची भूमिका स्पष्ट आहे. संत लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात यरुशलेममधील शिलोह येथील बुरूज कोसळून १८ माणसे मेल्याचा उल्लेख येतो. ते लोक इतरांपेक्षा अधिक पापी होते म्हणून त्यांच्यावर बुरूज पडला, ही समजूत प्रभू सरळ नाकारतो. तो मृतांवर ठपका ठेवत नाही. जे जिवंत उरले त्यांना तो अंतःकरण बदलण्यास सांगतो. अपघातानंतर ज्यांनी बदलावयाचे असते ते आपण असतो, मेलेली माणसे नव्हेत. पश्चात्ताप हा शब्द आपण केवळ प्रार्थनेपुरता राखून ठेवला, तर या अध्यायाचा अर्धा अर्थ हातातून निसटतो.

मोशेच्या नियमशास्त्रातील कठडा

पवित्र शास्त्रात कामाच्या जागेतील सुरक्षिततेविषयी काही असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात नेमका आपल्याच शिवारातला प्रश्न आहे. कोणी खड्डा खणला, तो झाकला नाही, आणि शेजाऱ्याचा बैल किंवा गाढव त्यात पडून मेले, तर खड्ड्याच्या मालकाने त्याची भरपाई द्यावी, असा तो नियम आहे. ‘जनावराने पाहून चालावयास हवे होते,’ असे मालकाला म्हणता येत नाही. धोका ज्याने निर्माण केला, तो झाकण्याची जबाबदारी त्याचीच.

अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात हेच तत्त्व माणसाला लावले आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा; कठडा नसल्यामुळे कोणी खाली पडला, तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो. त्या काळी धाब्यावर धान्य वाळत घालीत, तेथे काम चाले, तेथेच माणसे निजत. धाबे ही कामाची जागा होती. धान्याच्या राशी देणाऱ्या परमेश्वराने धाब्याच्या काठाकडेही लक्ष द्यावे, यात आपल्या धर्माचे मोठे वैशिष्ट्य आहे. बैल मेला तर भरपाई आणि माणूस पडला तर रक्ताचा दोष, एवढे हजारो वर्षांपूर्वी लिहिले गेले. आणि आज आपल्या शिवारात जमिनीच्या पातळीला उघडी असलेली, गवताने झाकलेली विहीर कोणाच्याही विवेकाला टोचत नाही!

बिलोलीच्या शिवारातील चार जागा

कामाच्या जागेतील सुरक्षितता म्हटले की डोळ्यांसमोर कारखाना, शिरस्त्राण आणि भिंतीवरच्या पाट्या येतात. आमच्या वाचकांचा कारखाना म्हणजे शेत. तेथे पाट्या नाहीत आणि निरीक्षकही येत नाही. म्हणून धोक्याच्या चार जागा येथे नीट सांगणे आवश्यक वाटते.

पहिली जागा विहीर. पाऊस झाला की काठाची माती भुसभुशीत होते, गवत वाढते आणि वाट व विहीर यांतला फरक दिसेनासा होतो. पक्का कठडा बांधण्यास खर्च येतो, हे खरे. परंतु तोवर काटेरी फांद्यांचे कुंपण, चारी बाजूंनी रोवलेले खांब आणि त्यांना बांधलेले पांढरे फडके यांस फारसे पैसे लागत नाहीत. उन्हाळ्यात गाळ काढण्यासाठी विहिरीत उतरणाऱ्यांस आणखी एक धोका असतो. खोल, बंद जागेत प्राणवायू कमी पडतो. डिझेलचे इंजिन आत उतरवून चालविले तर त्याचा विषारी धूर तळाशी साचतो. जानेवारी २०१७ च्या अखेरीस लातूरच्या औद्योगिक वसाहतीत एका तेल गिरणीच्या सांडपाण्याच्या टाकीत ९ कामगार अशाच विषारी वायूने मेले, हे आपण विसरता कामा नये. अशा ठिकाणी पहिला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढण्यासाठी धावलेले सोबतीही तेथेच पडतात. उतरण्यापूर्वी आत हवा खेळती करावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा, दोराचे दुसरे टोक वर उभ्या असलेल्या माणसांच्या हाती असावे, आणि कोणी कोसळला तर मागोमाग उडी घेऊ नये. दोराने ओढून काढणे हीच खरी माया.

दुसरी जागा ट्रॉली. ट्रॉली ही माल वाहण्यासाठी असते. तिच्यातून माणसे नेण्यास कायद्याची मुभा नाही. तिला बसण्याची जागा नाही, धरण्यास काही नाही, आणि ती उलटली तर आतील माणूस तिच्याखालीच सापडतो. तरीही पहाटे मजूर गोळा करण्यास दुसरे वाहन येत नाही, हेही आम्ही जाणतो. निदान एवढे तरी व्हावे: परवाना नसलेल्या पोराच्या हाती ट्रॅक्टर देऊ नये, बांधावरच्या निसरड्या वाटेवर आणि विहिरीच्या जवळपास सर्वांना खाली उतरवून चालत न्यावे, ट्रॅक्टरच्या चाकावरील पत्र्यावर कोणालाही बसवू नये. ‘उतरा, थोडे चाला’ असे म्हणण्यास पाच मिनिटे लागतात. मजुरी त्याने बुडत नाही.

तिसरी जागा मळणीयंत्र, ज्याला आपल्याकडे हडंबा म्हणतात. सोयाबीनच्या दिवसांत गंजी मोकळी करण्याची घाई असते. यंत्र भाड्याचे, मालक पुढच्या शेतात जाण्यास उतावीळ, आभाळ भरून आलेले आणि माणसे रात्रभर जागलेली. अशा वेळी पेंढी ढकलताना हात आत ओढला जातो, किंवा पदर, रुमाल अथवा सैल बाही फिरत्या पट्ट्यात अडकते. या यंत्रांसाठी भारतात धोकादायक यंत्रे नियमन कायदा १९८३ साली झाला. पेंढी टाकण्याची पन्हळ लांब असावी आणि तिचा यंत्राकडील भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात फिरत्या दातांपर्यंत पोहोचूच शकत नाही, अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. पन्हळीची लांबी सुमारे ९० सेंटिमीटर धरलेली आहे. ज्या यंत्राची पन्हळ आखूड किंवा उघडी आहे, ते भाड्याने घेऊ नये. पट्ट्यावर जाळी हवी. स्त्रियांनी पदर कमरेला घट्ट खोचावा. अडकलेला भुसा काढण्यापूर्वी यंत्र पूर्ण थांबवावे. मद्य घेतलेल्या आणि झोप न झालेल्या माणसाला यंत्राजवळ उभे करू नये.

चौथी जागा फवारणी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती. फवारा खाली पडण्याऐवजी तोंडावर आणि अंगावर येत होता. एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळली जात होती आणि हातमोजे किंवा तोंडावरचे आवरण बहुतेकांकडे नव्हते. आपल्या तालुक्यातही कपाशी आहे, पंप तेच आहेत आणि उघडे अंगही तेच आहे.

कीटकनाशकाच्या डब्यावर तिरपा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: तांबडा अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. घरातील शाळकरी मुलाने तो आईवडिलांना समजावून द्यावा. उपाशीपोटी फवारू नये. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून चालावे. औषध काठीने ढवळावे, हाताने नव्हे. तुंबलेली तोटी तोंडाने फुंकू नये. काम संपल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत. चक्कर, मळमळ, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ किंवा श्वासाला त्रास जाणवल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा सोबत न्यावा. कोणते विष अंगात गेले हे डॉक्टरांस कळले, तर उतारा लवकर देता येतो.

या चारही जागांत एक गोष्ट समान आहे. धोका निर्माण करणारी वस्तू, म्हणजे विहीर, ट्रॉली, यंत्र आणि विष, ही मालकाची असते. त्या धोक्याच्या तोंडाशी उभा असलेला देह मजुराचा असतो. हातमोजे मजुराने आणावेत, अशी अपेक्षा करणारा मालक खड्डा उघडा ठेवून बैलाला सावध राहण्यास सांगणाऱ्यासारखाच आहे.

मदत आणि हक्क यांतील अंतर

आता अपघातानंतरचा प्रश्न. आलेगावनंतर सरकारने मदत जाहीर केली, ती योग्यच होती. परंतु जाहीर होणारी मदत बातमीच्या आकारावर अवलंबून असते. सात स्त्रिया एकाच वेळी गेल्या तर मंत्री येतात. एकटी स्त्री हडंब्यात हात गमावते, तेव्हा कोण येते?

राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेली शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये देते. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख रुपये देते. ही योजना उपयुक्त आहे आणि ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांनी तिचा लाभ जरूर घ्यावा. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. परंतु तिचा आधार सातबारा हा आहे. वहितीधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांनाच ती लागू होते. ज्याच्या नावावर गुंठाही नाही तो भूमिहीन मजूर तिच्या बाहेर राहतो. बांधकाम मजुरांसाठी राज्यात कल्याणकारी मंडळ आहे. नोंदणीकृत मजूर कामावर मरण पावल्यास त्याच्या वारसाला ५ लाख रुपये मिळू शकतात. शेतमजुरासाठी तसे मंडळ नाही. एकाच घरातील दोन भाऊ, एक हैदराबादला न जाता नांदेडला इमारतीवर गेला आणि दुसरा गावच्या शेतात राहिला, तर दोघांच्या जिवाची किंमत शासनदरबारी वेगळी ठरते.

मग शेतमजुराला कायद्याचा काहीच आधार नाही काय? आहे, आणि तो फार जुना आहे. केवळ तो आपल्या लोकांस कोणी सांगितलेला नाही. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ साली झाला. कामातून आणि कामाच्या ओघात अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, आणि त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, असे त्याचे मूळ तत्त्व. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ट्रॅक्टर व यांत्रिक साधनांनी होणारी शेती, कीटकनाशकांची फवारणी आणि यंत्राने होणारी कापणी व मळणी ही कामे स्पष्टपणे नमूद होती. हंगामी किंवा तात्पुरता मजूर वगळण्याची तरतूद २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावला गेला. त्याचे मूळ तत्त्व तेथेही कायम आहे.

या भरपाईचे गणित समजून घेण्यासारखे आहे. जुन्या कायद्यात मृत्यूच्या प्रकरणी महिन्याच्या वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणीत असत. चाळीस वर्षांच्या व्यक्तीचा गुणक १८४.१७ होता. महिन्याला ९,००० रुपये मिळविणाऱ्या चाळीस वर्षांच्या मजूर स्त्रीसाठी ही रक्कम ८ लाख २८ हजार ७६५ रुपये होते. ही सरकारची कृपा नव्हे, ज्याच्या कामावर ती मेली त्याच्यावरील देणे आहे. असे असता, आपल्या गावांत पंचासमोर वीस-पंचवीस हजारांवर प्रकरण मिटविले जाते आणि विधवेच्या अंगठ्याचा ठसा कोऱ्या कागदावर घेतला जातो, हा अन्याय आहे. अशा कागदावर कोणी अंगठा देऊ नये.

कामाच्या वाटेवर झालेल्या अपघाताचे काय? या प्रश्नावर मराठवाड्यातीलच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटेच्या पाळीसाठी दुचाकीवरून जात असता कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटर अंतरावर अपघातात मेला. जिल्ह्याच्या पातळीवर भरपाई मंजूर झाली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघात, वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध असल्यास कामाच्या ओघातीलच मानला पाहिजे, असा तो निर्णय आहे. नव्या संहितेत तर हे स्वतंत्रपणे लिहिलेलेच आहे. ट्रॉलीतून शेताकडे निघालेल्या प्रत्येक मजूर स्त्रीसाठी हा निर्णय महत्त्वाचा आहे. मात्र एका विधवेला त्यासाठी २२ वर्षे वाट पाहावी लागली, हेही आपण ध्यानात घेतले पाहिजे.

लहान शेतकऱ्याचा प्रश्न

येथे काही वाचक म्हणतील, ‘फादर, मालक म्हणजे कोण? दोन एकरांचा धनी तोही कर्जात बुडालेला. आठ लाख तो कोठून आणणार?’ हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या धर्मग्रामांत एकच माणूस सकाळी स्वतःच्या शेताचा मालक असतो आणि दुपारी दुसऱ्याच्या शेतातला मजूर. त्याला कायद्याचा धाक दाखवून त्याचे घर उद्ध्वस्त व्हावे, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

परंतु मालकाची गरिबी ही मजुराच्या मृत्यूची किंमत ठरू शकत नाही. दोघेही गरीब असतील तर मार्ग दोन. एक, अपघात होऊच न देणे. वर सांगितलेल्या बहुतेक उपायांस पैशांपेक्षा लक्ष अधिक लागते. दुसरा, विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून १८ ते ७० वयाच्या बँक खातेदारास अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. त्यासाठी सातबारा लागत नाही. कामावर येणाऱ्या दहा मजुरांचा वर्षाचा विमा मालकाने स्वतः भरला, तर खर्च २०० रुपये. यामुळे कायद्याचे देणे फिटत नाही, पण निदान घर उघड्यावर येत नाही. आणि उरलेली जबाबदारी शासनाची आहे. भूमिहीन मजुराला शेतकऱ्याइतकेच अपघात संरक्षण मिळावे आणि त्यासाठी शेतमजुरांचे स्वतंत्र मंडळ असावे, ही मागणी आपण सनदशीर मार्गाने, ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत, लावून धरली पाहिजे. शेतीतील सुरक्षितता व आरोग्य यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार २००१ साली जिनिव्हा येथे झाला. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही.

ख्रिस्तसभा हे प्रश्न आपल्या कक्षेबाहेरचे मानीत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोवारुम’ हे विश्वपत्र प्रसिद्ध करून श्रमिकांच्या हक्कांचा प्रश्न ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत ठामपणे मांडला. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सरचेन्स’ या विश्वपत्रात, श्रमिकाच्या आरोग्याला व शरीराला हानी न पोहोचविणारी कामाची जागा हा त्याच्या हक्कांपैकीच एक आहे, असे प्रतिपादन केले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना याच परंपरेचे स्मरण केले. सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूला करवत आणि पटाशी यांनी होणाऱ्या जखमा ठाऊक नसतील काय?

धर्मग्रामाने काय करावे?

१५ मे हा दिवस आणखी एका कारणाने आपला आहे. हा शेतकरी व शेतमजुरांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा स्मृतिदिन. ते स्पेनमधील माद्रिदजवळ एका जमीनदाराच्या शेतावर राबणारे मजूर होते. त्यांच्या नावावर स्वतःचे शेत नव्हते. १६२२ साली, संत इग्नाशिअस लोयोला आणि संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरच, या मजुरालाही संतपद बहाल करण्यात आले. त्यांचा तान्हा मुलगा खोल विहिरीत पडला आणि आईवडिलांच्या प्रार्थनेने विहिरीचे पाणी वर चढून मूल सुखरूप हाती आले, अशी परंपरागत कथा सांगतात.

ही कथा आपण श्रद्धेने ऐकतो. परंतु प्रार्थना करणाऱ्या हातांनी दुसऱ्या दिवशी त्या विहिरीला कठडाही बांधलाच असेल, असे आम्हांस वाटते. चमत्काराची याचना करणे आणि चमत्काराची गरज पडू न देणे, या दोन्ही गोष्टी श्रद्धेतूनच येतात.

म्हणून आमची नम्र सूचना अशी, की १५ मे ते मृगाचा पाऊस हा काळ आपल्या प्रत्येक धर्मग्रामाने शिवाराच्या पाहणीसाठी द्यावा. तरुण मंडळाने गावच्या उघड्या विहिरींची यादी करावी आणि मालक कोणत्याही धर्माचा वा जातीचा असो, त्याच्या संमतीने तेथे कुंपण घालावे. श्रमदानाला भिंती नसतात. महिला मंडळाने बिनविम्याच्या कुटुंबांची नोंद करून बँकेत अर्ज भरून द्यावेत. सोयाबीनची मळणी सुरू होण्यापूर्वी एका रविवारी मिस्सानंतर हडंब्याच्या चालकांस बोलावून बोलावे. धर्मगुरूंनी नांगर आणि विळा यांना आशीर्वाद देताना फवारणीच्या पंपालाही आशीर्वाद द्यावा, आणि त्याच वेळी हातमोजे आहेत काय हेही विचारावे. अपघात झालाच, तर कोऱ्या कागदावर अंगठा पडण्यापूर्वी त्या घरी पोहोचावे आणि कुटुंबाला तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे न्यावे. मोफत कायदेशीर सल्ला मिळणे हा गरिबाचा हक्क आहे.

शब्बाथाच्या दिवशी कोणाचा मुलगा किंवा बैल विहिरीत पडला, तर तो त्याला तत्काळ वर काढणार नाही काय, असे प्रभूने परुश्यांना विचारले होते. त्यांना उत्तर देता आले नाही. आपल्याला ते देता येईल. मात्र ते सभागृहात किंवा संपादकीयात देऊन भागणार नाही. ते शिवारात जाऊन, कुदळ आणि काटेरी फांद्या हाती घेऊन द्यावे लागेल. गुंज गावच्या त्या सात भगिनींच्या आत्म्यांना चिरशांती लाभो, अशी प्रार्थना करीत असता, आठवीचे नाव त्या यादीत येणार नाही याची काळजी घेणे आपल्या हाती आहे.